एका कानाने पाहण्याचे शास्त्र

सोनोग्राफी हा शब्द मराठी घरांत आता इतका रुळला आहे की, तो मुळात परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पोटावर गार जेल लावले जाते, डॉक्टर हातातला प्रोब फिरवू लागतात आणि पडद्यावर राखाडी ठिपक्यांची एक हलती आकृती उमटते. रुग्णाला त्यातले फारसे काही उमगत नाही. मात्र त्या ठिपक्यांच्या गर्दीत मूत्रपिंडातला लहानसा खडा वेगळा ओळखू येतो की नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीवर साचलेला थर किती जाड आहे हे मोजता येते की नाही, यावर पुढचे उपचार अवलंबून असतात. म्हणूनच प्रतिमा किती स्पष्ट आहे, हा प्रश्न केवळ यंत्रे बनवणाऱ्यांपुरता उरत नाही. रुग्णाच्या दृष्टीनेही तो जिव्हाळ्याचा ठरतो.

ही स्पष्टता वाढवण्याचा सरधोपट मार्ग म्हणजे प्रोबमधील संवेदकांची संख्या वाढवणे. रुग्णालयातील नेहमीच्या प्रोबमध्ये १२८ किंवा त्याहून अधिक सूक्ष्म संवेदक एका ओळीत बसवलेले असतात. त्रिमितीय प्रतिमा घेणाऱ्या काही प्रोबमध्ये ही संख्या काही हजारांवर जाते. प्रत्येक संवेदकाच्या जोडण्या हव्यात, त्यामागे विद्युतमंडल हवे आणि या साऱ्यांचा मेळ घालणारा संगणक हवा. यंत्र महाग होण्याचे हे एक मोठे कारण आहे. याच्या नेमका उलट प्रश्न संशोधकांना दीर्घकाळ खुणावत आला आहे. संवेदक एकच असेल तर? एकाच कानाने ऐकून शरीराच्या आतले स्पष्ट चित्र काढता येईल का? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्या ‘होय’ची किंमत दर वेळी कशाच्या ना कशाच्या रूपाने मोजावी लागते. ती किंमत ओळखली, की या क्षेत्रातील दावे पारखणेही सोपे जाते.

प्रतिध्वनीचा हिशेब

सोनोग्राफीचा पाया प्रतिध्वनी हा आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर क्युरी आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलट, अशा स्फटिकाला विद्युतदाब दिला तर तो आकुंचन व प्रसरण पावतो. म्हणजे एकच स्फटिक बोलूही शकतो आणि ऐकूही शकतो. प्रोबमधील संवेदक नेमके हेच करतो. तो श्राव्यातीत ध्वनीचा एक अत्यंत अल्पकाळ टिकणारा स्पंद शरीरात सोडतो आणि मग गप्प बसून परत येणारे प्रतिध्वनी ऐकतो.

शरीरातील मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सरासरी सेकंदाला १५४० मीटर धरला जातो. एक सेंटिमीटर खोलीवरून परत यायला ध्वनीला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात; दहा सेंटिमीटरसाठी १३०. तेव्हा प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून तो किती खोलीवरून आला हे कळते. खोलीचा प्रश्न असा घड्याळाने सुटतो. दिशेचा प्रश्न मात्र घड्याळाने सुटत नाही. एकाच अंतरावरच्या दोन वस्तूंचे प्रतिध्वनी एकाच क्षणी परततात आणि एकुलत्या संवेदकाला ते एकमेकांत मिसळलेलेच ऐकू येतात. एका संवेदकाची खरी अडचण आहे ती ही.

दोन जवळजवळच्या वस्तू वेगवेगळ्या दाखवण्याच्या क्षमतेला विभेदनक्षमता म्हणतात. सोनोग्राफीत ती दोन प्रकारची असते. एक खोलीच्या दिशेने, दुसरी आडव्या दिशेने. खोलीच्या दिशेची विभेदनक्षमता स्पंदाच्या लांबीवर ठरते. ५ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी शरीरात सुमारे ०.३ मिलिमीटर असते. स्पंदात दोन-तीन तरंग असले, तर खोलीच्या दिशेने सुमारे ०.३ ते ०.५ मिलिमीटर अंतरावरचे थर वेगळे ओळखता येतात. आडव्या दिशेने मात्र चित्र निराळे दिसते. ध्वनीचा झोत जसजसा पुढे जातो तसतसा तो पसरतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या संवेदकातून निघालेला ५ मेगाहर्ट्झचा झोत दहा सेंटिमीटर खोलीवर सुमारे तीन मिलिमीटर रुंद झालेला असतो. त्या तीन मिलिमीटरच्या आत दोन बिंदू असतील तर ते एकच भासतात. म्हणजे एकाच प्रतिमेत खोलीच्या दिशेने जे बारकावे दिसतात, त्याच्या आठ-दहा पट ढोबळ गोष्टीच आडव्या दिशेने दिसतात.

मग वारंवारता वाढवावी, म्हणजे तरंगलांबी घटेल आणि सारेच बारीक दिसेल, असे कुणालाही वाटेल. ते खरेही आहे. पण शरीर ध्वनी शोषून घेते आणि वारंवारतेबरोबर हे शोषण वाढत जाते. मऊ ऊतींसाठी ढोबळ अंदाज असा की, दर मेगाहर्ट्झमागे दर सेंटिमीटरला अर्धा डेसिबल घट होते. पाच सेंटिमीटर खोलीवर जाऊन परत येणाऱ्या ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची शक्ती केवळ या शोषणामुळेच सुमारे तीनशेव्या हिश्श्यावर येते. वारंवारता दुप्पट केली, म्हणजे १० मेगाहर्ट्झ केली, तर तीच शक्ती एक लाखाव्या हिश्श्यावर उतरते. म्हणूनच पोटाच्या तपासणीत कमी वारंवारता वापरून थोडा धूसरपणा पत्करावा लागतो, तर डोळा किंवा त्वचा यांसारख्या उथळ अवयवांसाठी अधिक वारंवारता परवडते. निसर्गाने घातलेली ही अट संवेदक एक असो वा हजार, सर्वांनाच लागू पडते.

सुरुवात एकापासूनच

आज एकच संवेदक वापरणे हा प्रयोगशाळेतला विक्रम वाटत असला, तरी या शास्त्राची सुरुवात एका संवेदकापासूनच झाली. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड, त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पोटातील गाठींच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्यांच्या यंत्रात प्रोब हाताने पोटावरून सरकवला जाई. तो कुठे आहे आणि कोणत्या दिशेला वळला आहे याची नोंद यंत्र ठेवी आणि एकेक रेघ जुळवून चित्र तयार होई. शस्त्रक्रिया होण्याजोगी नाही असे निदान झालेल्या एका स्त्रीच्या पोटात कर्करोग नसून अंडाशयाची काढून टाकता येण्याजोगी गाठ आहे, हे या तंत्राने दिसले आणि तिचा जीव वाचला. धूसर का होईना, ते चित्र कामाचे होते.

पुढे १९६८ मध्ये नेदरलँड्समध्ये यान सोमर यांनी संवेदकांच्या मालिकेतून झोत विद्युतपद्धतीने वळवून दाखवला, तर १९७१ मध्ये रॉटरडॅमच्या निकोलास बॉम यांनी हृदयाच्या तपासणीसाठी वीस संवेदकांची सरळ मालिका वापरली. प्रत्येक संवेदकाला किंचित आगेमागे बोलायला लावले तर झोत हवा तिथे केंद्रित होतो आणि ऐकताना तेच गणित उलटे करता येते. हाताने प्रोब सरकवण्याची गरज संपली, धडधडणारे हृदय त्याच क्षणी पडद्यावर दिसू लागले आणि एकच संवेदक मागे पडला.

तो नाहीसा मात्र झाला नाही. जिथे जागाच नाही, तिथे तो आजही टिकून आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत घातल्या जाणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरच्या टोकाशी शेकडो तारा नेणे अवघड असते. म्हणून अशा कॅथेटरच्या एका प्रकारात ४० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करणारा एकच संवेदक मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेत फिरतो आणि सेकंदाला तीस आडवे छेद दाखवतो. डोळ्याच्या सोनोग्राफीत पुढेमागे झुलणारा एकच संवेदक वापरला जातो. पोलादी नळांच्या व बाष्पकांच्या जोडांमधील भेगा शोधणारे तंत्रज्ञही अनेकदा एकाच संवेदकाने काम भागवतात. या साऱ्या ठिकाणी प्रश्न एकच असतो: कानांची संख्या न वाढवता ऐकणे अधिक तल्लख कसे करायचे?

भिंग, हालचाल आणि संकेत

पहिला उपाय सर्वांत जुना व सोपा आहे. संवेदकाचा पृष्ठभाग अंतर्वक्र करायचा किंवा त्याच्यापुढे ध्वनीचे भिंग बसवायचे. त्यामुळे झोत एका ठरावीक खोलीवर निमुळता होतो आणि तेथे आडवी विभेदनक्षमता सुधारते. पण हे भिंग चष्म्यासारखे कायमचे बसलेले असते. नाभी जितकी तीक्ष्ण, तितका तिच्या मागचा व पुढचा भाग धूसर. एका खोलीवरच्या स्पष्टतेसाठी इतर सर्व खोलींवरची स्पष्टता इथे गहाण टाकावी लागते.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे आणि तो रडारच्या जगातून आला. विमानावर किंवा उपग्रहावर मोठाल्या अँटेना नेता येत नाहीत. मात्र एक लहान अँटेना पुढे पुढे सरकत असताना ठिकठिकाणी घेतलेले संकेत नंतर योग्य रीतीने जुळवले, तर जणू तेवढ्या लांबीची एक अखंड अँटेना वापरल्याचा लाभ मिळतो. अमेरिकी गणितज्ञ व अभियंता कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेलेला भारत व अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह पृथ्वीची पाहणी याच तत्त्वाने करतो.

ध्वनीच्या बाबतीत हेच गणित असे चालते. संवेदक एका रेषेवर थोडा थोडा सरकवत प्रत्येक ठिकाणी एक स्पंद सोडायचा आणि परत आलेले सर्व संकेत जसेच्या तसे साठवून ठेवायचे. आतला एखादा बिंदू संवेदक दूर असताना उशिरा उत्तर देतो, नेमका समोर आला की लवकर आणि पुढे गेल्यावर पुन्हा उशिरा. या उशिराचा आलेख कसा असणार हे भूमितीने आधीच सांगता येते. संगणक प्रत्येक संभाव्य बिंदूसाठी तो आलेख मांडतो, त्यानुसार साठवलेले संकेत मागेपुढे सरकवतो आणि त्यांची बेरीज करतो. तेथे खरोखर बिंदू असेल तर सर्व संकेत एकसुरात मिळतात आणि बेरीज मोठी येते; नसेल तर ते परस्परांना खोडून टाकतात.

या पद्धतीतून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. आडवी विभेदनक्षमता खोलीवर अवलंबून राहत नाही. ती साधारण संवेदकाच्या रुंदीच्या निम्मी होते. दोन मिलिमीटर रुंदीचा, भिंग नसलेला संवेदक ५ मेगाहर्ट्झला दहा सेंटिमीटर खोलीवर एरवी सुमारे पंधरा मिलिमीटरचा पसरट ठिपका दाखवील. संकेतांची अशी बेरीज केल्यावर तोच ठिपका एक मिलिमीटरच्या आसपास येतो. कान जितका लहान तितके चित्र बारीक, असा हा उफराटा न्याय आहे. लहान संवेदकाचा झोत अधिक पसरतो, त्यामुळे प्रत्येक बिंदू त्याला अधिक ठिकाणांवरून ऐकू येतो, हे त्यामागचे कारण. अर्थात लहान संवेदकाचा आवाजही क्षीण असतो, त्यामुळे ही वाट फार दूर नेता येत नाही.

इथली किंमत वेळेची आणि स्थैर्याची आहे. सरकत सरकत ऐकायचे तर मधल्या काळात ऐकवणारा स्थिर राहायला हवा. पोलादाचा जोड स्थिर राहतो. शरीर राहत नाही. श्वासागणिक यकृत सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही अधिक खालीवर होते. संवेदकाची जागा तर तरंगलांबीच्या लहानशा अंशापर्यंत, म्हणजे ५ मेगाहर्ट्झला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही अचूक ठाऊक असावी लागते. शिवाय सेकंदाला १५४० मीटर हा वेग केवळ सरासरी आहे. चरबीत तो सुमारे १४५० असतो, स्नायूंत सुमारे १५८०. या फरकाने उशिराचे गणित चुकते आणि एकसुरात यायला हवे ते संकेत बेसूर होतात. फिरत्या कॅथेटरलाही हालचालीची किंमत मोजावी लागते. वळणदार रक्तवाहिनीत त्याचे फिरणे कुठे अडखळते, कुठे झटक्याने पुढे जाते आणि प्रतिमेचा काही भाग ताणलेला, काही भाग आखडलेला दिसतो.

तिसऱ्या उपायात संवेदकाला हलवायचे नसते, त्याचे बोलणे व ऐकणे सुधारायचे असते. स्पंद आखूड ठेवला तर बारकावे दिसतात, पण त्यात ऊर्जा कमी मावते. लांब ठेवला तर आवाज खोलवर पोहोचतो, पण बारकावे हरवतात. यावर रडारवाल्यांनीच शोधलेली युक्ती म्हणजे सुराची वारंवारता आरंभापासून अखेरपर्यंत चढवत नेणे. सतारीवरच्या मींडेसारखा हा चढता सूर परत आला, की संगणक त्यातील नेमकी चढण ओळखून तो पुन्हा आखूड स्पंदात आवळतो. याच्या जोडीला आणखी एक गणित वापरले जाते. आपला संवेदक एका बिंदूचा ठिपका कसा पसरवतो हे आधी मोजून ठेवायचे आणि प्रत्यक्ष प्रतिमेतून तो पसरटपणा गणिताने वजा करायचा. मात्र धूसरपणा पुसताना संकेतातील खरखरही वाढते. हात आखडता घेतला नाही, तर प्रतिमेत मुळात नसलेले दाणे आणि कडा उमटू लागतात.

कानाच्या पाळीचा धडा

या तिन्ही उपायांत झोत जितका नीटनेटका, तितका तो चांगला, असे गृहीत धरले होते. चौथा उपाय हे गृहीतकच उलटे करतो. त्यामागची कल्पना आपल्या कानांच्या पाळीत दडलेली आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. पण तो वरून आला की खालून, हे ओळखण्यात कानाच्या पाळीवरील वळ्या व खळगे मोठी मदत करतात. प्रत्येक दिशेने येणारा आवाज या खळग्यांतून थोडा निराळा होऊन आत जातो आणि मेंदूला ही निराळेपणाची खूण सरावाने ठाऊक झालेली असते.

पॅरिसमधील भौतिकशास्त्रज्ञ मथियास फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात असे दाखवले की, ध्वनीच्या वाटेत अडथळ्यांची गर्दी केली तर तो बिघडतोच असे नाही. त्या गर्दीचा उपयोग करून तो अधिक बारीक नाभीतही आणता येतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅमचे इरास्मस वैद्यकीय केंद्र आणि डेल्फ्टचे तंत्रज्ञान विद्यापीठ येथील पीटर क्रुझिंगा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात यापुढचे पाऊल मांडले. त्यांनी एकाच संवेदकापुढे प्लास्टिकची एक चकती बसवली. तिची जाडी ठिकठिकाणी स्वैरपणे कमी-अधिक केलेली होती. प्लास्टिकमधून ध्वनी पाण्यापेक्षा वेगाने जातो. त्यामुळे चकतीच्या जाड व पातळ भागांतून निघालेल्या लहरी आगेमागे होतात आणि पुढे एक गुंतागुंतीची ध्वनिनक्षी पसरते. या नक्षीमुळे समोरच्या प्रत्येक बिंदूचा प्रतिध्वनी इतरांहून निराळा होतो. जणू प्रत्येक बिंदू आपली स्वतंत्र सही करून उत्तर पाठवतो. चकती थोडी थोडी फिरवत गेले की दर वेळी नवी नक्षी आणि नव्या सह्या मिळतात. या मिसळलेल्या सह्या गणिताने सुटय़ा करून संशोधकांनी पाण्यात ठेवलेल्या वस्तूंची त्रिमितीय प्रतिमा एकाच संवेदकाने मिळवली.

यामागचे गणित २००६ च्या सुमारास एमान्युएल कँदेस, जस्टिन रॉम्बर्ग, टेरेन्स ताओ आणि डेव्हिड डोनोहो यांच्या कामातून आकाराला आले. एखाद्या दृश्यात खरी माहिती विरळ असेल, म्हणजे बहुतेक जागा रिकामी आणि मोजक्याच ठिकाणी काही असेल, तर अज्ञातांच्या संख्येपेक्षा कितीतरी कमी मोजमापांतूनही ते दृश्य परत मिळवता येते, असे त्यांनी दाखवले. एरवी शाळेतल्या बीजगणितात शंभर अज्ञातांसाठी शंभर समीकरणे लागतात. पण त्या शंभरांपैकी पाचच शून्याहून वेगळे आहेत हे आधी ठाऊक असेल, तर समीकरणे पुष्कळ कमी पुरतात. याच सुमारास अमेरिकेतील राइस विद्यापीठात सूक्ष्म आरशांच्या साह्याने प्रकाशाचा एकच संवेदक वापरणारा कॅमेराही तयार करण्यात आला. डेल्फ्टची चकती हे त्याचेच ध्वनीतले भावंड म्हणता येईल.

या उपायाची किंमत कळीची आहे. चकती कशी नक्षी पाडते हे आधी काटेकोरपणे मोजून ठेवावे लागते; त्या मोजमापात चूक झाली की प्रत्येक सही चुकीची वाचली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दृश्य विरळ आहे हे गृहीतक. पाण्यात ठेवलेल्या वस्तू विरळ असतात. यकृत मात्र तसे नसते. त्याच्या प्रत्येक कणाकणातून प्रतिध्वनी येतो. तेथे माहिती विरळ मानायची तर ती कोणत्या अर्थाने, हे आधी ठरवावे लागते आणि ते ठरवण्यात आपण उत्तराचा काही भाग स्वतःच पुरवत असतो.

न दिसलेले दाखवण्याचा धोका

इथे या विषयाचे खरे मर्म येते. संवेदक कमी केले की माहिती कुठून तरी भरून काढावी लागते. ती हालचालीतून आणि अधिक वेळ ऐकून मिळाली, तर ती मोजलेली माहिती असते. ती गृहीतकातून मिळाली, तर ते अनुमान असते. अलीकडे हजारो प्रतिमांवर शिकवलेली संगणकीय जाळी धूसर प्रतिमा क्षणात रेखीव करून देतात, तेव्हा हे अनुमान फार मोठ्या प्रमाणावर होते. निरोगी यकृत सहसा कसे दिसते हे त्या जाळ्याला ठाऊक असते आणि त्या बळावर ते चित्र पूर्ण करते. पण रुग्णालयात येणाऱ्याच्या शरीरातली नेमकी महत्त्वाची गोष्ट नेहमीसारखी नसते. नेहमीच्या चित्रांवर पोसलेली पद्धत ती विचित्र गाठ गुळगुळीत करून टाकू शकते किंवा नसलेली कड रेखीवपणे काढू शकते.

श्राव्यातीत ध्वनीच्या इतिहासात असा फसवणारा प्रसंग अगदी सुरुवातीलाच घडलेला आहे. ऑस्ट्रियातील मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल डुसिक यांनी १९४० च्या दशकात डोक्याच्या एका बाजूने ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूने तो टिपला आणि मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या दिसतात, असे जाहीर केले. चित्रे पटण्याजोगी होती. मेंदूत पोकळ्या असतात हे सर्वांना ठाऊकच होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मन संशोधकांनी मात्र असे दाखवून दिले की, तशीच नक्षी कवटीच्या हाडात ध्वनी कमी-अधिक शोषला गेल्यानेही उमटते. जे दिसायला हवे होते ते दिसले, म्हणून ते खरे मानले गेले होते.

यापासून घ्यायचा धडा साधा आहे. प्रतिमा रेखीव असणे आणि प्रतिमा खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नव्या पद्धतीची परीक्षा घेताना ठरावीक अंतरावर ताणलेले बारीक धागे आणि ठाऊक मापाच्या कृत्रिम गाठी असलेले नमुने वापरले जातात. दोन धागे वेगळे दिसतात का, हे तर पाहायचेच. त्याचबरोबर जिथे धागाच नाही तिथे काही उमटते का, हेही तितक्याच कसोशीने पाहायचे. पद्धतीने आधी कधीही न पाहिलेला नमुना तिच्यापुढे ठेवला, की तिची खरी कसोटी लागते.

स्वस्त यंत्र आणि आपला समाज

एका संवेदकाच्या संशोधनामागचे मोठे आकर्षण स्वस्त व सुटसुटीत यंत्राचे आहे. परंतु स्वस्ताईची वाट एकच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये मान्यता दिलेल्या एका हातात मावणाऱ्या प्रोबमध्ये सुमारे नऊ हजार सूक्ष्म संवेदक संगणकीय चिपसारखे सिलिकॉनवर कोरलेले आहेत. एकेक स्फटिक कापून जोडण्याऐवजी ते असे छापल्यासारखे बनवले, की हजारो संवेदकही स्वस्तात पडतात. त्यामुळे पोटाच्या नेहमीच्या तपासणीत एका संवेदकाचे यंत्र सर्वांना मागे टाकील, असे मानण्याचे कारण नाही. त्याचे बळ निराळ्या ठिकाणी आहे. रक्तवाहिनीसारख्या अरुंद जागी, डोळ्यासारख्या उथळ अवयवांसाठी लागणाऱ्या फार उच्च वारंवारतेला, जिथे संवेदकांची बारीक मालिका बनवणेच कठीण असते, आणि कारखान्यातील स्थिर वस्तूंच्या तपासणीत ते आजही उपयोगी पडते आणि गणिताच्या जोरावर अधिक उपयोगी पडू शकते.

स्वस्ताईचा प्रश्न महाराष्ट्रात आणखी एका अंगाने पाहावा लागतो. गर्भलिंगनिदानासाठी होणारा प्रसवपूर्व चाचण्यांचा गैरवापर रोखण्यासाठी कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. सोनोग्राफी यंत्राची आणि केंद्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद, हाती नेता येणाऱ्या यंत्रांवरील निर्बंध हे सारे त्या अनुभवातून आले आहे. यंत्र खिशात मावू लागले की दुर्गम पाड्यावर गर्भवतीची वेळेवर तपासणी होण्याची शक्यता वाढते. त्याच खिशातून ते बेकायदा तपासणीसाठीही नेले जाऊ शकते. यंत्राची किंमत कमी झाली म्हणून त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट ती वाढते.

मूळ प्रश्न होता एका कानाने स्पष्ट पाहता येईल का. भिंग एका खोलीची स्पष्टता देते आणि बाकीच्या खोली गमावते. हालचाल सर्व खोलींची स्पष्टता देते आणि स्थैर्य मागते. संकेतांचे गणित धूसरपणा पुसते आणि खरखर वाढवते. खोदीव चकती दिशा ओळखायला शिकवते आणि आपल्या गृहीतकांवर विसंबते. फुकट काहीच मिळत नाही. पण कोणती किंमत कुठे परवडते हे जाणून निवड केली, तर एकच संवेदकही मोठे काम करून जातो. म्हणूनच नव्या यंत्राची झळझळीत प्रतिमा समोर येईल तेव्हा ‘किती स्पष्ट दिसते’ या प्रश्नापाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारायला हवा. यातले ऐकलेले किती आणि मनाने भरलेले किती? ज्या यंत्राचे निर्माते या प्रश्नाला सरळ उत्तर देतील, त्याच्या थोड्या धूसर चित्रावरही डॉक्टरांनी आणि रुग्णांनी अधिक विश्वास ठेवावा.